फलमज्जा : शब्द, अर्थ आणि उपयुक्तांग

औषधिद्रव्यांचा विचार करताना नाम, रूप, गुण आणि कर्म यांच्याइतकेच महत्त्व उपयुक्तांगाला आहे. एकाच वृक्षाचे मूळ एक कार्य करते आणि फळ दुसरे, हे सर्व वैद्यांस ज्ञात आहे. परंतु फळ हेदेखील एकसंध अंग नसून अनेक अंगांचा समुच्चय आहे, याकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. साल, गर, रेषे, आठळी, आठळीतील मगज आणि बी हे सारे ‘फल’ या एका शब्दात सामावते. औषधिपत्रकावर किंवा चूर्णाच्या वेष्टनावर ‘फल’ एवढेच लिहिले, की यांपैकी नेमके काय घ्यावयाचे हा निर्णय वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोपविला जातो.

यांतही सर्वाधिक घोटाळा ‘मज्जा’ या शब्दाविषयी होतो. बिल्वाची मज्जा आणि आरग्वधाची मज्जा म्हणजे गर, असे द्रव्यगुणाच्या पहिल्याच वर्गात शिकविले जाते. पुढे बिभीतकाची मज्जा मदकर असल्याचे वाचनात आले म्हणजे विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. बेहड्याचा गर तर आपण त्रिफळेत रोज देतो. मग तो मदकर कसा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शब्दाच्या अर्थात आहे. प्रस्तुत लेखात या संज्ञेचा मागोवा घेऊन तिचा व्यवहाराशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

‘फल’ शब्दाची व्याप्ती

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात औद्भिद द्रव्यांच्या उपयुक्तांगांची यादी आली आहे. मूळ, त्वचा, सार, निर्यास यांपासून कंद आणि प्ररोहांपर्यंत १८ अंगे तेथे मोजली आहेत. त्यांत फळासाठी ‘फल’ हा एकच शब्द आहे. त्याच अध्यायात पुढे ज्यांचे फळ वापरावे अशा १९ फलिनी वनस्पती सांगितल्या आहेत. या गणातील काही द्रव्ये समोर ठेवून पाहिली, तर एका शब्दामागे किती भिन्न वस्तू उभ्या आहेत हे लक्षात येते.

विडंगाचे फळ आपण सबंध वापरतो. अभयेचे, म्हणजे हरीतकीचे, आठळी काढून उरलेले दळ घेतो. आरग्वधाच्या शेंगेतील काळसर, चिकट गर घेतो. कुटजाच्या बाबतीत फळ म्हणजे शेंगेतील बी, अर्थात इंद्रयव. कंपिल्लकाच्या फळाचा गर नाही आणि बीही नाही. फळाच्या पृष्ठभागावरील तांबडी रज तेवढी झटकून घेतली जाते. मदनफळाचे वमनार्थ उपयुक्तांग म्हणजे आतील बिया, ज्यांना कल्पस्थानात ‘पिप्पली’ ही संज्ञा आहे. ही फळे कुशांनी वेढून, वरून गोमयाचा लेप देऊन धान्याच्या राशीत आठ रात्री ठेवावीत आणि मृदू व मधुगंधी झाल्यावर काढून, वाळवून त्यांतील पिप्पली घ्याव्यात, असा सविस्तर विधी आचार्यांनी दिला आहे.

म्हणजे गण एक, शब्द एक, पण प्रत्यक्ष ग्राह्य वस्तू निरनिराळ्या. शार्ङ्गधरांनीही न्यग्रोधादींची त्वचा, तालीसादींची पत्रे आणि त्रिफलादींचे फळ घ्यावे असा सामान्य नियम सांगितला. फळातील कोणता भाग घ्यावा हे त्या नियमात सांगितले नाही. ते सांगण्याची तेव्हा आवश्यकताही नव्हती. गुरूच्या घरी शिष्य स्वतः हिरडे फोडीत असे आणि आठळी बाजूला टाकीत असे. जे हाताला ठाऊक होते ते शब्दाने सांगावे लागत नव्हते. आज फोडणारा हात, दळणारे यंत्र, विकणारे दुकान आणि देणारा वैद्य हे चार ठिकाणी विखुरलेले आहेत. त्यामुळे पूर्वी हाताने केलेले काम आता शब्दालाच करावे लागते.

सुश्रुतांचा आंबा

फळाच्या अंतर्रचनेचा सर्वांत स्पष्ट उल्लेख द्रव्यगुणाच्या प्रकरणात नसून सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, गर्भावक्रांतीच्या तिसऱ्या अध्यायात सापडतो, ही गोष्ट मोठी लक्षणीय आहे. गर्भाची सर्व अंगे एकाच वेळी निर्माण होतात, मात्र सूक्ष्मत्वामुळे ती आरंभी दिसत नाहीत, हे पटविण्यासाठी तेथे आंब्याचा दृष्टांत योजला आहे. पिकलेल्या आंब्यात केशर, मांस, अस्थि आणि मज्जा ही पृथक् पृथक् दिसतात. कोवळ्या फळात तीच असूनही सूक्ष्म असल्यामुळे जाणवत नाहीत, असा त्याचा आशय आहे.

या चार शब्दांची आंब्याशी सांगड घालणे कठीण नाही. केशर म्हणजे रेषे. मांस म्हणजे खावयाचा गर. अस्थि म्हणजे कोयीचे कठीण कवच. मज्जा म्हणजे त्या कवचाच्या आतील मगज. शरीरातील धातूंचा क्रम येथे फळाला जसाच्या तसा लावला आहे. शरीरात मांसाच्या आत अस्थि आणि अस्थीच्या आत मज्जा असते; आंब्यातही तोच क्रम आहे. फळाच्या गराला येथे ‘मज्जा’ म्हटलेले नाही, ‘मांस’ म्हटले आहे, हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे.

हाच आंबा चरकांच्या महाकषायांत दोन ठिकाणी दोन रूपांनी येतो. हृद्य गणात ‘आम्र’ आहे, तर पुरीषसंग्रहणीय गणात ‘आम्रास्थि’. पहिल्या ठिकाणी गर अभिप्रेत आहे. दुसऱ्या ठिकाणी परंपरेने कोय फोडून आतील मगज घेतला जातो. एका फळाचे दोन भाग दोन निराळ्या कर्मांसाठी योजणाऱ्या आचार्यांना अंगभेद किती महत्त्वाचा वाटत होता, याचा हा पुरावा होय.

मग बिल्वमज्जा कोणती?

आता शंका अशी, की आंब्यात मज्जा म्हणजे आठळीतील मगज, तर बिल्व व आरग्वध यांत ती गर कशी झाली? कल्पस्थानात आरग्वधाची पक्व फळे सात रात्री वाळूत ठेवून, नंतर उन्हात वाळवून त्यांतील मज्जा काढावी आणि स्वच्छ पात्रात ठेवावी असे म्हटले आहे. तेथे मज्जा म्हणजे शेंगेतील गर याविषयी संशयाला जागा नाही. एका शब्दाचे हे दोन परस्परभिन्न अर्थ आहेत काय?

आमच्या मते अर्थ एकच आहे, फळांची रचना मात्र भिन्न आहे. अस्थीच्या पोकळीत जे मृदू व स्निग्ध द्रव्य असते ते मज्जा, ही शरीरातील कल्पना. फळात जे कठीण कवच असेल त्याला अस्थीच्या ठिकाणी मानले, तर त्याच्या आतील मृदू भाग मज्जा ठरतो. आंबा, बोर, हिरडा, बेहडा यांत कठीण कवच आत आहे. म्हणून मज्जा त्याच्याही आत, बीजरूपाने आहे. बेलफळाला आत आठळी नाही, कठीण कवच सर्वांत बाहेर आहे. म्हणून कवचाच्या आतला सारा गर मज्जा होतो. बहाव्याची शेंग तर लांब, नळीसारखी आणि कठीण. एखाद्या लांब हाडाचीच आठवण व्हावी अशी. तिच्या आतील गराला मज्जा म्हणणे किती समर्पक आहे, हे शेंग हातात घेऊन फोडल्यावर सांगावे लागत नाही.

तात्पर्य, ‘मज्जा’ ही संज्ञा फळाच्या एखाद्या ठराविक थराचे नाव नाही. कठीण आवरणाच्या आतील मृदू द्रव्य असा तिचा स्थानवाचक अर्थ आहे. हे सूत्र हाती असले की निघंटूतील कोणताही उल्लेख वाचताना प्रथम फळ डोळ्यांसमोर आणावे, कठीण भाग कोठे आहे ते पाहावे आणि मग अर्थ लावावा.

वनस्पतिशास्त्राची परिभाषा

आधुनिक वनस्पतिशास्त्र फळाच्या भित्तीचे तीन थर मानते. बाहेरील साल ती बाह्यभित्ती, मधला थर ती मध्यभित्ती आणि बीजाभोवतीचा थर ती अंतर्भित्ती. मध्यभित्तीला ‘मेसोकार्प’ म्हणतात आणि ती मांसल असेल तर जुन्या वनस्पतिशास्त्रीय ग्रंथांत तिला ‘सार्कोकार्प’ असे नाव आढळते. हा शब्द मांस आणि फळ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. आंब्याच्या गराला सुश्रुतसंहितेत ‘मांस’ म्हटले आहे आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीही त्याच कल्पनेचा आश्रय केला, ही मनोज्ञ गोष्ट आहे.

तथापि मेसोकार्प म्हणजे गर, असे समीकरण सरसकट मांडता येत नाही. आंब्यात ते बरोबर ठरते. नारळात मध्यभित्ती म्हणजे सोडण, ज्याचा काथ्या होतो. करवंटी ही अंतर्भित्ती आणि खोबरे हा बीजाचा भाग. डाळिंबाचे रसाळ दाणे म्हणजे मांसल आवरणाच्या बिया. फळाची भित्ती म्हणजे आपण काढून टाकतो ती साल. फणसाचे गरे ही फुलांच्या परिदलांची वाढ आहे. काजूचे बोंड हा फुगलेला देठ असून खरे फळ त्याच्या टोकाला असते. बेलाच्या गरात भित्तीच्या आतील थरांसह बीजे धारण करणाऱ्या भागाचाही समावेश होतो. बहाव्याचा गर शेंगेतील आडव्या पडद्यांना लिंपलेला असतो. जिभेला जो गर वाटतो तो वनस्पतिशास्त्रदृष्ट्या निरनिराळ्या ऊतींपासून बनलेला असू शकतो.

‘त्वक्’ या शब्दाची स्थितीही अशीच आहे. हरीतकीची फलत्वक् म्हणजे आठळीवरील संपूर्ण दळ. दाडिमाची फलत्वक् म्हणजे केवळ साल. आयुर्वेदिक फार्माकोपिआ ऑफ इंडिया या शासकीय ग्रंथाने हरीतकी, बिभीतक व आमलकी यांसाठी ‘पेरिकार्प’, म्हणजे फलभित्ती, हा शब्द योजला आहे, तर बिल्वासाठी कच्च्या किंवा अर्धपक्व फळाचा ‘पल्प’, म्हणजे गर, विहित केला आहे. आरग्वधाचा गर बिया, पडदे आणि भित्तीचे तुकडे काढून टाकलेला असावा असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. हा काटेकोरपणा स्वागतार्ह आहे.

मराठीतील शब्दसंपत्ती

आपल्या भाषेत या भागांसाठी स्वतंत्र व सुंदर शब्द आहेत. गर किंवा गीर, जाड मांसल भागासाठी दळ, कठीण बीजकवचासाठी कोय, बाठा किंवा आठळी, आतील भागासाठी मगज. ‘दळदार फळ’ हा प्रयोग सर्वपरिचित आहे. हिरडेदळ, बेहडेदळ आणि आवळकाठी हे काष्ठौषधींच्या दुकानातील शब्द उपयुक्तांगाचा उच्चार नावातच करतात. ‘बेहडा द्या’ आणि ‘बेहडेदळ द्या’ यांत जो भेद आहे, तोच या लेखाचा विषय आहे.

‘मगज’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीतील ‘मग्ज’ आणि संस्कृतातील ‘मज्जन्’ हे एकाच मूळ धातूचे वंशज मानले जातात. मराठीतही मगज शब्द दोन्ही अर्थांनी वावरतो. बेलाचा आणि बहाव्याचा मगज म्हणजे गर. किराणा दुकानात मिळणारी मगजबी म्हणजे टरबूज-खरबुजाच्या सोललेल्या बिया. संस्कृतातील मज्जेची संदिग्धता मराठीनेही अशी वारशाने घेतली आहे.

व्यवहारातील तीन उदाहरणे

पहिले उदाहरण बिभीतकाचे. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या ४६ व्या अध्यायात फळांच्या मज्जांचे गुण सांगताना बिभीतकाची मज्जा मदकर म्हटली आहे. भावप्रकाशातही तिचा मदकारी म्हणून उल्लेख आहे. ज्या फळाचे जे वीर्य तेच त्याच्या मज्जेचे समजावे, असा सामान्य नियम त्याच सुश्रुतवचनात पुढे येतो. त्या नियमाच्या आधारे बियांसह फळ दळले तरी बिघडत नाही असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अनुचित होय. कारण नियम सांगण्यापूर्वीच आचार्यांनी बिभीतकमज्जेचा मदकर हा विशेष नोंदविला आहे. आठळी फोडून दळ वेगळे करण्याचे श्रम वाचविण्यासाठी सबंध बेहडा यंत्रात घातला, तर चूर्णात कठीण कवचाचा भुसा मिसळतो, मगज मिसळतो आणि दळाचे प्रमाण तेवढे घटते. रुग्णाने त्रिफळा घेतली तरी अपेक्षित गुण आला नाही, असे झाल्यास मात्रा वाढविण्यापूर्वी चूर्णाकडे पाहावे, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

येथे प्रमाणाचाही प्रश्न येतो. शार्ङ्गधरांनी त्रिफळेत एक हरीतकी, दोन बिभीतक आणि चार आमलकी असे संख्येने प्रमाण दिले आहे. संख्येने मोजताना फळ सबंध असते. वापरताना मात्र आठळी वगळली जाते. च्यवनप्राशासाठी ५०० आवळे मोजून घ्यावयास सांगितल्यावर शिजलेले आवळे तेल-तुपात परतण्यापूर्वी ‘निष्कुल’, म्हणजे बी काढलेले, असावेत असा निर्देश संहितेत आहे. मोजणे फळाचे, वापरणे गराचे, हा भेद तेथे स्वच्छ दिसतो.

दुसरे उदाहरण बिल्वाचे. येथे अंगाबरोबर अवस्थाही निर्णायक ठरते. चरकसंहितेत पक्व बिल्व दुर्जर, दोषकर आणि दुर्गंधी वात उत्पन्न करणारे म्हटले आहे, तर बालबिल्व दीपन व कफवातजित्. भावप्रकाशात कोवळ्या बेलफळाला बिल्वकर्कटी आणि बिल्वपेशिका ही नावे आहेत. इतर फळे पिकल्यावर गुणवान होतात. बिल्व याला अपवाद. अतिसाराच्या रुग्णास ‘बेलफळ घ्या’ एवढेच सांगितले, तर तो बाजारातून पिवळे, सुगंधी, पिकलेले फळ आणून त्याचे सरबत करतो आणि त्रास वाढल्यावर दोष आयुर्वेदास देतो. ‘कोवळ्या बेलाचा वाळविलेला गर’ एवढे चार शब्द बोलण्याने हे टळते.

तिसरे उदाहरण भल्लातकाचे. बिब्याच्या काळ्या फळाच्या भित्तीत जे तेल असते ते त्वचेवर फोड आणते; म्हणूनच शोधनाचा एवढा विचार शास्त्राने केला आहे. त्याच फळातील मज्जा म्हणजे आपली गोडंबी, जी घरोघरी लाडवात घातली जाते. फळाखालचा केशरी, मांसल देठही खाल्ला जातो. बोटाच्या पेराएवढ्या जागेत दाहक, बृंहण आणि भक्ष्य अशी तीन द्रव्ये शेजारी शेजारी आहेत. अंगभेद न करणाऱ्यास याहून कठोर धडा मिळणार नाही.

हरीतकीचे पाच रस

एका विवाद्य स्थळाचा विचार येथे करावासा वाटतो. भावप्रकाशात हरीतकीचे पाच रस तिच्या पाच भागांत वाटून दिले आहेत : मज्जेत मधुर, स्नायूत अम्ल, वृंतात तिक्त, त्वचेत कटू आणि अस्थीत कषाय. येथील मज्जेचा अर्थ काही जण गर असा करतात. तथापि त्याच वचनात अस्थि स्वतंत्र सांगितली असल्याने, सुश्रुतांच्या आंब्याप्रमाणे, मज्जा म्हणजे आठळीतील मगज असा अर्थ आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतो. मग दळ कोठे गेले? ते त्वक् आणि स्नायु या दोहोंत विभागले गेले असावे. हिरड्याचे वाळलेले दळ तंतुमय असते हे आपण जाणतोच.

पाच रस मिळावेत म्हणून आठळीसह हरीतकी वापरावी, असा युक्तिवाद यावरून कधी कधी केला जातो. तो आम्हांस मान्य नाही. नुसते दळ चघळून पाहिले तरी कषाय रस प्रकर्षाने जाणवतो आणि मागाहून गोडसरपणा येतो. फळाच्या कोणत्या भागात कोणता रस विशेष आहे याचे ते वर्णन आहे. सर्व भाग एकत्र दळण्याची आज्ञा नव्हे.

काही सूचना

वैद्यबंधूंपुढे काही गोष्टी विचारार्थ ठेवतो. प्राचीन संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. परंतु आपल्या औषधिपत्रकांत, पाठ्यटिपणांत आणि निर्मितीच्या नोंदींत संदिग्धता राहू नये. आठळी असलेल्या फळाच्या मांसल भागास ‘दळ’ किंवा ‘फलत्वक्’, बिल्व-आरग्वधाच्या आतील भागास ‘फलगर’, आठळीतील भागास ‘बीजमज्जा’ आणि दाडिमासारख्या फळाच्या बाह्यावरणास ‘फलसाल’ असे चार शब्द निश्चित केले, तर बहुतेक अडचणी दूर होतील. बिल्वासारख्या द्रव्यात अवस्थेचाही उल्लेख आवर्जून करावा.

शक्य तेथे फलद्रव्ये चूर्णरूपाने न घेता दळाच्या रूपाने घ्यावीत, स्वतः पाहून मग दळावीत. दळ पाहताना आठळीचे तुकडे ओळखता येतात. चूर्ण झाल्यावर डोळ्यांचे काम संपते आणि सूक्ष्मदर्शकाचे सुरू होते. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी पुरवठादारास उपयुक्तांग लेखी विचारावे. वेष्टनावर नुसते ‘फल’ असे लिहिलेले असल्यास ते उत्तर पुरेसे मानू नये.

अध्यापकांस एक विनंती आहे. द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकात हिरडा, बेहडा, बेल आणि बहाव्याची शेंग ही चार फळे विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत, ती त्यांच्याकडून फोडून घ्यावीत आणि प्रत्येकातील अस्थि व मज्जा त्यांनाच दाखवावयास सांगावे. यासाठी एक अडकित्ता आणि अर्धा तास पुरतो. एवढे केलेला विद्यार्थी पुढे औषधिपत्रक लिहिताना ‘फल’ या शब्दापाशी थांबून क्षणभर विचार करील, असा आम्हांस विश्वास आहे.